चिमूटभर तपकीर

दारूच्या विरोधात मी वीस वर्षे बोलत आलो. वस्तीत, विहारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. स्वतःला विडी नाही, पान नाही, सुपारीचे खांडही नाही, याचा मला अभिमान होता. तो एका चिमटीने उतरवला.

लळिंगच्या डोंगरातला लांडोर बंगला खानदेशातील आपल्या माणसांना ठाऊक आहेच. १९३७ साली खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब तेथे थांबले होते. त्या आठवणीने ३१ जुलैला तेथे यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून गाडी करून गेलो. पावसात भिजलो, नाक चोंदले, डोके ठणकू लागले. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी पत्र्याची डबी काढली, झाकणावर टिचकी मारली व म्हणाले, "ले भाऊ, चिमूटभर वढ. डोकं हलकं व्हई जाई."

वडीलधाऱ्या माणसाचा हात कसा मागे सारायचा? मी चिमूट घेतली आणि जोरात ओढली. हळूच हुंगायची असते, हे मागाहून कळले. नाकात जाळ झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, शिंका थांबेनात. घशात कडू उतरले. आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग नाक मोकळे झाले, डोके हलके वाटले. खरे सांगतो, बरे वाटले. भीती त्याचीच वाटायला हवी होती.

तपकीर म्हणजे तंबाखूची बारीक पूड. तिच्यातील निकोटीन नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेतून लगेच रक्तात उतरते. म्हणून तरतरी झटकन येते, झटकन जाते आणि पुन्हा हवीशी वाटते. आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणात डबी आली. हिशेब जुळेना की हात खणाकडे जाई.

एके दिवशी ती डबी मायच्या हाती लागली. माय तीस वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना तपकीर घासते. "माय, सोड ती घाण," असे मी तिला कितीदा रागावलो होतो! ती शांतपणे म्हणाली, "तू पहिले तुनी सोड, मंग माले सांग."

त्या रात्री मी तिला पहिल्यांदाच विचारले, सवय लागली कशी? पहाटे कापूस वेचायला जायचे, भाकर दुपारी. दाढ दुखे, डॉक्टरला पैसे नसत. तपकीर लावली की दाढ बधिर होई आणि भूकही मरे. वीस वर्षे भाषणे केली, पण एवढा प्रश्न मी घरात विचारला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेले. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. कर्करोग नव्हता, पण तपकीर चालू राहिली तर होऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. दोघांच्या डब्या एकाच दिवशी उकिरड्यावर गेल्या. मायने पहिले पंधरा दिवस चिडचिड केली. दोनदा शेजारणीकडून मागून घासली आणि आपणहून कबूलही केले. आता बडीशेप चघळते. चट्ट्याची तपासणी चालू आहे.

बंधू-भगिनींनो, पाचव्या शिलात मद्य वर्ज्य सांगितले, कारण त्याने प्रमाद घडतो, माणूस बेसावध होतो. दारूडा रस्त्यात पडतो, म्हणून तो आपल्याला दिसतो. कमरेच्या बटव्यातली तपकीर भांडण करीत नाही, म्हणून तिच्याबाबत आपणच बेसावध राहिलो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांमागे सुमारे २४ जण तोंडाने किंवा नाकाने धूरविरहित तंबाखू घेत होते. त्यांत आपल्या आया-बहिणीही आहेत.

त्यांना रागावू नका. आधी विचारा, सवय का लागली. मग तोंड तपासून घ्या. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि खिशात आपली डबी असेल, तर सुरुवात तिच्यापासून करा. जयभीम.