मूळ गाव कोणतं?

आदिलाबादच्या बस स्टँडवर कुणी "मूळ गाव कोणतं जी?" असं विचारलं की माझं उत्तर चटकन येत नाही. घर जैनथ मंडलात, शेत पैनगंगेच्या अलीकडे, आजोळ नदीपल्याड यवतमाळ जिल्ह्यात. शाळा मराठी, सातबाऱ्याऐवजी हातात पट्टादार पासबुक, आणि बाजारातला हिशेब तेलुगूत. विचारणाराही बहुधा असाच असतो. त्याची बहीण पांढरकवड्याला दिलेली असते आणि सासुरवाडी किनवटची. किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. माणसं जागची हलली नाहीत, जिल्हा त्यांच्या पायाखालून सरकला.

हा प्रश्न मला खेळाडूंच्या बाबतीत नव्यानं पडला तो 6 जून 2024 च्या रात्री. मृग तोंडावर होता, सरकीच्या पिशव्या ओसरीत येऊन पडल्या होत्या, आणि पुतण्यानं मोबाईलवर अमेरिका-पाकिस्तान मॅच लावली होती. अमेरिका क्रिकेट खेळते याचंच मला अप्रूप वाटलं. पाकिस्तानच्या 159 धावा झाल्या होत्या. शेवटच्या चेंडूवर पाच हव्या असताना नितीश कुमारनं चौकार मारला आणि सामना बरोबरीत सुटला. हा नितीश आधी कॅनडाकडून खेळलेला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेनं 18 धावा काढल्या. मग चेंडू एका डावखुऱ्याच्या हातात गेला आणि पुतण्या ओरडला, "काका, आपला माणूस!"

सौरभ नेत्रावळकर. 1991 चा मुंबईतला जन्म. 2010 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, आणि उपांत्यपूर्व फेरीत भारताला हरवलं ते पाकिस्ताननंच. पुढे मुंबईकडून रणजी खेळला, पण एकच सामना. मग शिक्षणासाठी अमेरिका, तिथे संगणकाची नोकरी, आणि शनिवार-रविवारचं क्रिकेट. चौदा वर्षांनी तो पुन्हा पाकिस्तानसमोर उभा होता, अंगावर दुसऱ्या देशाचे कपडे. त्यानं त्या षटकात 13 धावा दिल्या आणि अमेरिका जिंकली.

पुतण्या म्हणाला "आपला", तेव्हा मला अजिबात खटकलं नाही. सहाच दिवसांनी न्यूयॉर्कला नेत्रावळकरनं कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला तीन धावांवर बाद केलं, तेव्हाही घरात कुणी त्याला परका म्हटलं नाही. वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी. नदीकाठच्या माणसाला ही सवय असते.

पण मन अडकलं ते पाकिस्तानविरुद्धची मॅच झाली त्या मैदानात. डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीचं ते स्टेडियम 2008 साली बेसबॉलसाठी बांधलेलं होतं. एअरहॉग्ज नावाचा तिथला संघ छोट्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायचा. 2018 मध्ये या संघात चक्क चीनचे खेळाडू आले. चीनला आपले खेळाडू तयार करायचे होते, संघाला माणसं हवी होती, असा तो करार. पुढे संघ बंद पडला, मैदान क्रिकेटसाठी नव्यानं बांधलं गेलं. म्हणजे ज्या जागेवर बीजिंगहून आलेली पोरं टेक्सासच्या संघासाठी धावली, तिथेच काही वर्षांनी मुंबईच्या पोरानं सुपर ओव्हर टाकली. जमिनीला मूळ गाव विचारत बसता येत नाही.

बेसबॉल हा अमेरिकेचा खास आपला खेळ, असं आपण समजतो. पण तिथल्या सर्वोच्च लीगमधला दर चारांतला एक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेला असतो, आणि त्यांत सगळ्यांत जास्त डॉमिनिकन रिपब्लिकचे. त्या देशातलं सान पेद्रो दे माकोरिस हे गाव मला फार जवळचं वाटतं, कारण तिथली गोष्ट शेतीतून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला, गाळायला माणसं कमी पडली, म्हणून आजूबाजूच्या इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून मजूर आणले गेले. त्यांना तिकडे कोकोलो म्हणत, आणि हे नाव सुरुवातीला हिणवण्यासाठीच होतं. हे मजूर येताना क्रिकेट घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी एका कारखान्याचा संघ दुसऱ्याशी क्रिकेट खेळायचा. पुढच्या पिढीनं भोवतालचा खेळ उचलला आणि बॅट तशीच हातात ठेवून ती बेसबॉल खेळू लागली. कारखान्यांच्या त्या वस्त्यांतून रिको कार्टी निघाला, जो 1970 साली लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. त्याच गावचा जॉर्ज बेल, आणि सॅमी सोसाही. कार्टी, बेल ही आडनावं स्पॅनिश नव्हेत. ती उसाच्या फडात मजुरांबरोबर आली.

आमच्याकडे कापसाचा हंगाम आला की वेचणीला नदीपलीकडून माणसं येतात, पोराबाळांसकट. दुपारी आया वेचत असतात आणि धुऱ्यावर पोरं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे स्टंप रोवून खेळतात. त्यांच्या खेळात गोंडी, मराठी, तेलुगू आरडाओरडा एकत्र असतो. मी ते पाहताना कधी सान पेद्रोचा विचार केला नव्हता. आता दरवेळी येतो.

आडनावांवरून आणखी एक आठवलं. मराठी माणूस आडनाव शेवटी लिहितो, तेलुगू माणूस घराण्याचं नाव आधी. आमच्या शाळेच्या हजेरीपटात एकाच वर्गात दोन्ही पद्धती चालतात. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराच्या नावातही हे दिसतं. सी. के. नायडू, म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू. घराणं तेलुगू, जन्म 1895 चा नागपूरचा, उमेदीचा मोठा काळ इंदूरच्या होळकरांकडे, आणि 1932 ला लॉर्ड्सवर देशाचं नेतृत्व. आंध्र त्यांना आपलं म्हणतो, नागपूर आपलं म्हणतं, इंदूरही म्हणतं. तिघांचंही खरं आहे. त्या काळी कुणी त्यांच्या रहिवासाच्या दाखल्यावर अडून बसलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कबड्डीतही तेच. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाखांना घेतलं, आणि आमच्या गावचे मराठी घरातले पोरगेही टायटन्सच्या बाजूनं घसा कोरडा करू लागले. तिकडे यू मुम्बाच्या मुंबईकर प्रेक्षकांनी इराणच्या फझल अत्राचलीला डोक्यावर घेतलं होतं. बेसबॉलमध्ये याहून गोड उदाहरण आहे. 2023 च्या जागतिक स्पर्धेत लार्स नुटबार हा कॅलिफोर्नियात जन्मलेला खेळाडू जपानकडून खेळला, कारण त्याची आई जपानी. अंतिम सामन्यात जपाननं अमेरिकेलाच हरवलं. आजोळासाठी खेळलेला हा माणूस मला आमच्याच पट्ट्यातला वाटतो.

हे सगळं मी लिहितोय ते लांबच्या कौतुकासाठी नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा जो भाग 2016 पासून आसिफाबाद जिल्ह्यात गेला, त्याच्या आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याच्या सीमेवर चौदा गावं आहेत. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा. त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा हक्क सांगितला जातो. लोकांकडे दोन मतदार ओळखपत्रं आहेत, दोन रेशनकार्डं आहेत. महाराजगुड्यात एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात आहेत आणि ते कुटुंब कर दोन्हीकडे भरतं. अशा घरातली मुलगी उद्या चांगली धावली, भाला चांगला फेकू लागली, तर ती कोणत्या राज्याची?

निवड समितीवर बसणाऱ्या, शाळेच्या क्रीडास्पर्धांचे अर्ज तपासणाऱ्या दोन्हीकडच्या गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे. तिच्या कागदांवर दोन राज्यं दिसली म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवू नका. आधी तिला धावताना बघा.