आधी सुख बसवावं लागतं

शोकांतिका बसवायला घेतली की नटमंडळी पहिल्या वाचनापासूनच आवाज खाली आणतात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उसासा. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’च्या तालमीत तर हे हमखास होतं, कारण नाटक सुरू होतं तेच मुळी मृत्यूनंतर. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेलेत, मुंबईहून मुलगा सुधीर आणि सून अंजली आलेत आणि तेराव्याच्या खर्चावरून घरात ताण आहे. एवढं वाचलं की नटांना वाटतं, आपल्याला दुःखच करायचंय.

मला दिग्दर्शक म्हणून नेमकं उलटं वाटतं. दुःख लेखकानं लिहून ठेवलंय, ते कुठं जात नाही. तालमीत उभं करायचं असतं ते या माणसांचं सुख. झालेलं, किंवा व्हायला हवं होतं ते.

अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर घ्या. तो नुसती प्रॉपर्टी म्हणून मांडला तर पडत्या काळाची खूण एवढाच त्याचा अर्थ उरतो. म्हणून मी संहितेत नसलेला एक प्रसंग नटांकडून करून घेतो: ट्रॅक्टर वाड्यात आला तो दिवस. कुणी हार घातला, कुणी आधी वर चढून बसलं, आई कुठून बघत होती. प्रेक्षकांना हे कधीच दिसत नाही. पण त्यानंतर गावातच राहिलेल्या थोरल्या मुलाची, भास्करची भूमिका करणारा नट ट्रॅक्टरजवळून जातो तेव्हा त्याची नजर बदललेली असते.

रात्री भास्कर दागिन्यांची पेटी उघडतो आणि त्याची बायको, वहिनी, एकेक दागिना अंगावर चढवते, तो प्रवेश मी सगळ्यात जास्त वेळ देऊन बसवतो. नटीला सांगतो, घाई नको. गळ्यावर सोन्याचा भार येऊ दे, पाठ आपोआप ताठ होऊ दे. राबून थकलेली ही बाई काही क्षण खरोखर देशपांड्यांच्या वाड्याची सून होते, आणि नवरा तिच्याकडे बघत असतो. हे सुख प्रेक्षकाला मनापासून हवंसं वाटलं पाहिजे. तरच पुढे त्यांची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते तेव्हा प्रेक्षागृहात कळ उठते. नाहीतर ती नुसती चोरीची बातमी होते.

भास्कर-सुधीरच्या बहिणीचं, प्रभाचं वेगळं. तिचं शिक्षण थांबवलं त्याला वर्षं लोटलीत. त्यावर रडून झालंय, उरलाय तो राग. पण हा राग खरा व्हायला तिनं कधीकाळी रंगवलेलं आयुष्य नटीला तपशिलात ठाऊक हवं. घरात गड्यासारखा राबणाऱ्या, कुणाकडे काही न मागणाऱ्या धाकट्या भावाचं, चंदूचंही तेच. मुंबईत नशीब काढायला गेलेल्या सुधीरचंही. गावात राहिलेला भाऊ आणि शहरात गेलेला भाऊ एकमेकांना सुखी समजतात. या गैरसमजातच त्यांच्या भांडणाचं मूळ आहे, म्हणून तालमीत एकदा तरी दोघांना एकमेकांच्या भूमिका वाचायला लावतो. त्यानंतर कुणी दुसऱ्याला खलनायक करत नाही.

विजया मेहतांनी 1985 साली हे नाटक रंगभूमीवर आणलं. पुढे याच घराची ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटकं आली, आणि 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग सादर केली, जवळजवळ नऊ तासांचा प्रयोग. इतका वेळ माणसं नुसतं दुःख बघत बसत नाहीत. या घराचं अजूनही काही भलं व्हावं, असं त्यांना वाटत राहतं म्हणून ती बसतात.

तेव्हा कौटुंबिक शोकांतिका हाती घेणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना माझं एकच सांगणं आहे. प्रत्येक पात्राला काय हवं होतं ते आधी शोधा, ते हवंसं वाटेल असं उभं करा आणि मगच त्याच्या हातून काढून घ्या.