जुलै महिन्यातले पाहुणे

बँकेच्या सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक दोन कारणांसाठी येतात. ठेवींचा व्याजदर विचारण्यासाठी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून घेण्यासाठी. पहिल्या कारणासाठी ते वर्षभर केव्हाही येतात. दुसऱ्यासाठी मात्र जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येतात, भर पावसात, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पॅन कार्ड, आधारची झेरॉक्स, दोन-तीन पासबुके, गेल्या वर्षीची विम्याची पावती आणि एखादे विजेचे बिलही असते. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, अखेरीस आणखी एक दिवस वाढला, आणि पाहुण्यांचा हंगामही तितकाच लांबला.

मी सनदी लेखापाल नाही. एम.कॉम.चे शिक्षण आणि बँकेतली पस्तीस वर्षे एवढीच माझी शिदोरी. पेढीचे हिशेब, लेखापरीक्षण, जीएसटी यांना मी हात लावत नाही. ते सीएंचे काम आणि ते त्यांनीच करावे. मात्र ज्या घरांत पेढीची कीर्द-खतावणी चोख असते, रोकड जुळल्याशिवाय दुकान बंद होत नाही, त्याच घरांत आईचे, काकांचे, विधवा वहिनीचे आणि नोकरीतल्या मुलाचे कागद सर्वाधिक विस्कळीत असतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सीए पेढीचे काम पाहतात, घरातल्या चार लहान विवरणपत्रांकडे कोणी पाहत नाही.

माझ्या थोरल्या वहिनींचेच उदाहरण घेतो. भावाच्या निधनानंतर त्यांच्या नावावर काही मुदत ठेवी आल्या. बँकेने व्याजातून करकपात केली. वहिनींचे एकूण उत्पन्न करपात्र नसल्यामुळे सगळी रक्कम परत मिळायची होती. विवरणपत्र भरले, पडताळणी झाली, मंजुरीची सूचनाही आली; पैसे मात्र आले नाहीत. चार महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, सरकार पैसे दिले म्हणतं आणि खात्यात तर दिसत नाहीत. मधे कुणी घेतले की काय?"

कुणी घेतले नव्हते. परतावा फक्त पोर्टलवर आधी प्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो, आणि प्रमाणित होण्यासाठी त्या खात्याला पॅन जोडलेला असावा लागतो व खात्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळावे लागते. वहिनींचे खाते लग्नानंतर लगेच उघडलेले. त्यावर सासरच्या नावाची आद्याक्षरे. पॅनवर संपूर्ण नाव. माणसाला हे एकच नाव वाटते, संगणकाला वाटत नाही. अनेकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली असते. बँकांचे विलीनीकरण झाले, शाखेचा आयएफएससी क्रमांक बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला.

उपाय सोपा आहे, पण क्रमाने करावा लागतो. प्रथम शाखेत पॅनची प्रत देऊन खात्यावरचे नाव दुरुस्त करून घ्यायचे. मग पोर्टलवर 'माय बँक अकाउंट' या ठिकाणी खाते पुन्हा प्रमाणित करायचे आणि परताव्यासाठी तेच निवडायचे. एवढे झाल्यावर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'रिफंड रीइश्यू'ची विनंती करायची. ही शेवटची पायरी लोक विसरतात; खाते दुरुस्त केले की पैसे आपोआप येतील असे समजतात. वहिनींचे पैसे विनंतीनंतर जमा झाले. चालू वर्षी त्यांनी एप्रिलमध्येच शाखेत १५एच भरून दिला. साठ वर्षांपुढील व्यक्तीच्या एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल तर हा फॉर्म दिल्यावर कपातच होत नाही, आणि परताव्याचा हा सारा द्राविडी प्राणायाम टळतो.

आमच्या काकांचा प्रश्न याच्या उलटा. सांगलीत हळदीच्या अडतीत त्यांचे आयुष्य गेले. आता वय एक्क्याऐंशी. "टीडीएस कापला म्हणजे कर भरला," हे त्यांचे ठाम मत. बँक कापते दहा टक्के. कर किती लागतो हे एकूण उत्पन्नावर ठरते. हे त्यांना पटवण्यात माझा एक रविवार गेला. नंतर मी त्यांना वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, दाखवले. नोव्हेंबर २०२१ पासून हे विवरण उपलब्ध आहे. त्यात व्याज, लाभांश, शेअरची विक्री, मोठे व्यवहार सारे एका ठिकाणी दिसतात. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं खातं दुसऱ्याच्या वहीत लिहिलंय!" व्यापाऱ्याने केलेले एआयएसचे वर्णन याहून नेमके मी ऐकलेले नाही.

त्या वहीत एक नोंद त्यांना मान्य नव्हती. काकींच्या पैशांची ठेव, परंतु पावतीवर पहिले नाव काकांचे. व्याज ज्याचे नाव प्रथम त्याच्याच पॅनवर दाखवले जाते. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय आहे. माहिती दुसऱ्या व्यक्तीची आहे, दोनदा आली आहे, चुकीची आहे, असे कळवता येते. आम्ही ते केले. पण खरा इलाज बँकेत आहे. ठेवीचे नूतनीकरण करताना जिचे पैसे तिचे नाव पहिले लावावे. माझ्या सेवाकाळात ग्राहक पावतीवर व्याजदर बारकाईने पाहत. नावांचा क्रम पाहणारे फार थोडे असत.

याच संदर्भात आणखी एक. कधी बँक कर कापते, पण २६एएस या करजमा विवरणात ती रक्कम दिसतच नाही. बहुतेक वेळा बँकेच्या टीडीएस विवरणात पॅन चुकीचा गेलेला असतो. अशा वेळी प्राप्तिकर खात्याला पत्रे लिहून उपयोग नाही. बँकेनेच दुरुस्ती विवरण दाखल करावे लागते. शाखेत तोंडी सांगू नये. ठेव क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम आणि पॅन लिहून अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. काउंटरच्या आतल्या बाजूला पस्तीस वर्षे बसलेला माणूस हे सांगतो आहे. पोच घेतलेला अर्ज टेबलावरून सहसा हरवत नाही.

काकांसारख्या ऐंशी वर्षांपुढील व्यक्तींना सहज किंवा सुगम, म्हणजे आयटीआर-१ किंवा आयटीआर-४, कागदावर भरण्याची मुभा अजून आहे. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि "नको, पडद्यावरच कर, पण छापील प्रत मला दे," असे फर्मावले.

आता 'नोटीस' या शब्दाविषयी. आपल्या घरांत हा शब्द उच्चारला की आवाज खाली येतो. मागच्या वर्षी एका स्नेह्यांच्या घरी प्राप्तिकर खात्याचा ईमेल आला. जोडलेली फाईल उघडेना, पासवर्ड मागू लागली. पंधरा दिवस घरातल्या कोणाला नीट झोप नव्हती. वास्तविक ती कलम १४३(१) खालची सूचना होती. आपण भरलेले आकडे आणि बंगळूरच्या केंद्राने काढलेले आकडे शेजारी शेजारी मांडणारा कागद. पासवर्ड म्हणजे इंग्रजी लहान अक्षरांत पॅन आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ अंक. उघडून पाहिले तर कर बाकी शून्य, परतावा शून्य! कलम १३९(९) खाली आलेले पत्र मात्र गांभीर्याने घ्यावे. विवरणपत्र सदोष आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, असे ते सांगते. घरातला तरुण मुलगा फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करतो आणि पगारदाराचा साधा फॉर्म भरून मोकळा होतो, हे याचे सध्याचे नेहमीचे कारण. तो व्यवसाय धरला जातो, त्याला आयटीआर-३ लागतो. पत्र खरे की खोटे याची शंका असेल तर पोर्टलवर लॉगइन न करताही त्याची सत्यता तपासता येते. मोबाइलवर आलेल्या 'तुमचा परतावा मंजूर, येथे दाबा' अशा दुव्यावर मात्र कदापि दाबू नये.

पडताळणीबद्दल थोडक्यात. विवरणपत्र पाठवले म्हणजे भरले असे होत नाही. ३० दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते. आधारवरच्या ओटीपीने ती मिनिटभरात होते, पण आधारला जोडलेला क्रमांक दिवंगत पतीचा असला किंवा परदेशी गेलेल्या मुलाचा असला तर घर अडून बसते. नेट बँकिंग, प्रमाणित बँक खाते, डीमॅट खाते हे पर्याय आहेत. काहीच जमत नसेल तर सही केलेली पावती टपालाने बंगळूरला मुदतीत पोचवावी. पोर्टलच अडले तर १८०० १०३ ००२५ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर बोलण्यापूर्वी पॅन आणि पोचपावतीचा क्रमांक समोर ठेवावा, आणि बोलणे झाल्यावर तीच तक्रार पोर्टलच्या 'ग्रिव्हन्सेस'मध्ये लेखी नोंदवावी.

संस्थांच्या विश्वस्तांना येथे एक विनंती करतो. पाठशाळा, गोशाळा, औषधोपचार यांसाठी आपला समाज मोकळ्या हाताने देतो. जुन्या करप्रणालीत ८०जी ची सवलत मागायची तर आता पावती पुस्तकातली पावती पुरत नाही; संस्थेने ३१ मेपर्यंत १०बीडी हे विवरण दाखल करून दात्याला १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाल्यास संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. दात्यांनीही ध्यानात ठेवावे की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही. सवलतीसाठी दान करू नये हे खरे. पण दिलेल्या दानाचा कागद नीट असण्यात गैर काय?

या सगळ्या अडचणी कष्टाच्या असल्या तरी सुटणाऱ्या आहेत. ज्या एका प्रकरणामुळे हा लेख लिहिण्यास बसलो, ते वेगळे आहे.

परिचयातल्या एका कापड व्यापाऱ्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. २०२४ च्या जुलैमध्ये कार्यालयातल्या मित्रांच्या सांगण्यावरून त्याने एका एजंटाकडून विवरणपत्र भरून घेतले. ४८,००० रुपये परतावा आला, दहा टक्के एजंटाने घेतले. २०२५ च्या जुलैमध्ये खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर प्राप्तिकर खात्याने देशभर कारवाई केली. बातमी वाचून मुलगा घाबरला आणि एका शनिवारी वडिलांसह माझ्याकडे आला.

"काका, मी फक्त फॉर्म १६ दिला होता. बाकी त्यानंच भरलं," एवढेच तो सांगत होता. पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडे नव्हता. एजंट फोन उचलत नव्हता. आधारच्या ओटीपीवरून आम्ही नवा पासवर्ड घेतला आणि आधी त्याची नोंदलेली माहिती उघडली. ईमेल एजंटाचा, मोबाइल एजंटाचा. म्हणजे वर्षभरात खात्याने जे काही कळवले असेल ते या मुलापर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता. दोन्ही बदलले. मग भरलेले विवरणपत्र उतरवून घेतले. एका राजकीय पक्षाला मोठी देणगी, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न काढलेला आरोग्यविमा. मुलगा पानामागून पान वाचत होता आणि वडील त्याच्याकडे पाहत होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडिलांनी हळू आवाजात विचारले, "गप्प राहिलं तर काय होईल?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही; जोखीम विचारणे हा धर्मच आहे त्यांचा. मी आकडे सांगितले. खात्याने स्वतः पकडले तर उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड. आपण होऊन अद्ययावत विवरणपत्र भरले तर बुडालेला कर, व्याज आणि त्यावर २५ टक्के जादा. हा दर त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत. अर्थात कार्यवाही सुरू होण्यापूर्वी भरले तरच. पोर्टलवर तोपर्यंत काही सुरू झालेले नव्हते. हिशेब साठ हजारांच्या बराच वर जात होता. आलेला परतावा कधीच खर्च झाला होता.

"पैशाचं बघतो मी," वडील म्हणाले. "आमच्या पेढीवर कुणाचं देणं राहिलं नाही कधी. सरकारचं तरी का ठेवायचं?"

येथून पुढचे काम मी त्यांच्या सीएंकडे सोपवले. असे प्रकरण माझ्यासारख्याने हाताळू नये. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चलन भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल झाले. पडताळणीचा ओटीपी या वेळी मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर आला. त्याने तो वडिलांना दाखवला. वडिलांनी विचारले, "आणि त्याच्या आदल्या वर्षीचं कुणी भरलं होतं?"

तेही त्याच एजंटाने. त्या वर्षासाठी जादा कर ५० टक्के लागेल. येत्या रविवारी आम्ही ते उघडणार आहोत.