दोष गाडीचा की पायाचा?

यशवंतपूरच्या त्या इमारतीत मराठी घर एकच. त्यामुळे कन्नड, तमिळ, मल्याळी असे सगळे शेजारी त्या घरातल्या गृहिणीला ‘वहिनी’ म्हणतात. काहींना तर ते त्यांचे नावच वाटते. वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. यजमानांना पीण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि बिऱ्हाड बंगळूरला आले, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. वहिनी दासरहळ्ळीच्या एका शाळेत हिशेब सांभाळतात. शाळेत त्या स्वतः गाडी चालवत जात. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि ते थांबले. क्लच दाबायला गुडघा नकार देऊ लागला.

मग दोन वर्षे रिक्षा, कधी मेट्रो, कधी कुणाची तरी विनवणी. मेट्रो 2014 पासून घराजवळून जाते खरी, पण स्टेशनपासून शाळा लांब, आणि मधला रस्ता चालण्यासारखा नाही. शिवाय बाजारहाट, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणे, हे सारे दुसऱ्याच्या सोयीने. सतत दुसऱ्याला ‘सोडशील का जरा?’ असे विचारावे लागणे किती बोचते, हे ज्याने विचारले आहे त्यालाच कळेल.

म्हणून 2023 च्या दसऱ्याला ऑटोमॅटिक गाडी आली. किंमत रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख. निम्म्याहून अधिक कर्ज. क्लचचे पेडल नाही, डाव्या पायाला काम नाही. तोरण बांधले, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि सासूबाईंना मागे बसवून वहिनी मल्लेश्वरमपर्यंत जाऊन आल्या. परतताना सँडल सोपच्या कारखान्याजवळ चंदनाचा वास आला तेव्हा त्यांनी मुद्दाम काच खाली केली. दोन वर्षांत हवे तिथे काच खाली करण्याचीही मुभा नव्हती, असे त्या नंतर हसत सांगत.

इथे या गाडीविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या ‘एएमटी’ जातीच्या असतात. 2014 साली मारुतीच्या सेलेरियोतून ही पद्धत मध्यमवर्गाच्या दारात आली आणि मग इतर कंपन्यांनीही ती उचलली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही नेहमीचाच. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पाय आणि हात करत नाहीत. एक छोटा संगणक आणि त्याच्या हुकमातले यंत्र करते. म्हणजे डाव्या पायाच्या जागी एक अदृश्य पाय बसवलेला असतो म्हणा ना! क्लच मात्र तोच, घासणारा, तापणारा आणि झिजणारा. महागड्या ऑटोमॅटिक गाड्यांत तेलातून शक्ती पोचवणारी वेगळी व्यवस्था असते, ती इथे नसते.

पहिले पाच महिने झकास गेले. मार्च 2024 मध्ये उन्हाळा सुरू झाला आणि एका संध्याकाळी गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला गाडी निघताना थरथरली. जुन्या एसटीत मागच्या बाकावर बसल्यावर जशी थरथर लागते, तशी. वहिनींना वाटले, रस्ता खराब असेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग एप्रिलमध्ये एकदा सिग्नल हिरवा झाला, वहिनींनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनचा आवाज चढला, पण गाडी जागची हलेना. समोरच्या पडद्यावर गिअरचे अक्षर लुकलुकत राहिले. मागे बस, बसमागे लॉरी, हॉर्नचा कल्लोळ. तुमकूर रोडवरचा तो चौक ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. सात-आठ सेकंदांनी गाडीने एकदम उडी घेतली आणि पुढच्या स्कूटरवाल्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. स्कूटरवर मागे शाळेचा गणवेश घातलेली मुलगी होती.

वहिनी घरी आल्या त्या घामाने भिजून. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तरुण सल्लागाराने लॅपटॉप जोडला, गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि सांगितले, “सर, गाडीत काही प्रॉब्लेम नाही. मॅडमना ऑटोमॅटिकची सवय नाही. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबत असतील. ड्रायव्हिंग स्टाइलचा प्रश्न आहे.”

यजमान घरी येऊन तेच वाक्य बोलले. वाईट हेतूने नव्हे. त्यांनी स्वतः रविवारी सकाळी गाडी चालवून पाहिली होती, तेव्हा ती लोण्यासारखी पळाली होती. “अगं, तुझा पाय अजून सरावला नाहीये. जरा दमानं घे,” ते म्हणाले. पण बावीस वर्षे गाडी चालवलेल्या बाईला हे वाक्य कसे लागले असेल? त्यातून गुडघ्याचा विषय. मे महिन्यात दुसरी फेरी झाली. या वेळी ‘क्लचला पुन्हा शिकवले’ असे जॉब कार्डवर लिहून मिळाले. क्लच नेमका कुठे पकडतो हे संगणकाला नव्याने ओळखायला लावतात, त्याला ते शिकवणे म्हणतात. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा थरथर. तिसऱ्या फेरीत सल्लागाराने सांगितले की क्लच प्लेट घासली असावी, ती झिजणाऱ्या वस्तूंत मोडते, वॉरंटीत येत नाही, खर्च वीस हजारांच्या पुढे जाईल. गाडी तेव्हा फक्त 7,400 किलोमीटर चालली होती.

त्या रात्री वहिनींनी गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि सकाळी रिक्षा बोलावली. भांडण नाही, आदळआपट नाही. सासूबाईंचा डोळ्यांचा डॉक्टर त्या महिन्यात राहून गेला. यजमानांनी दोनदा विचारले, “चिडलीस का?” वहिनी म्हणाल्या, “नाही. पायच खराब आहे ना माझा.” घरातली किती भांडणे अशी न भांडताच चालू राहतात!

पण हिशेब ठेवणाऱ्या बाईचा हात स्वस्थ बसत नाही. किल्ली खुंटीला होती त्या दिवसांत वहिनींनी शाळेच्या जुन्या वहीत मार्चपासूनचे आठवून लिहायला घेतले. तारीख, वेळ, जागा, घरातून निघून किती मिनिटे झाली होती, ऊन होते की पाऊस. सतरा नोंदी झाल्या. लिहिता लिहिता एक गोष्ट डोळ्यांत भरली. एकही नोंद सकाळची नव्हती. सतराच्या सतरा वेळा गाडी निदान अर्धा तास गर्दीत थांबत-सरकत आलेली होती. आणि यजमान गाडी चालवत ते कधी? रविवारी, सकाळी, मोकळ्या रस्त्यावर. सर्व्हिस सेंटरचा माणूस चक्कर मारे तो कधी? गाडी रात्रभर थंड झाल्यावर, दहा मिनिटे.

वहिनींनी वही यजमानांपुढे ठेवली. “अहो, उद्या संध्याकाळी सहा वाजता दासरहळ्ळीहून घरी तुम्ही गाडी आणा. मी शेजारी बसते. काही बोलणार नाही.”

यजमान तयार झाले. जालहळ्ळी क्रॉसपर्यंत सगळे ठीक होते. पीण्यापाशी पहिली थरथर झाली. गोरगुंटेपाळ्याला सिग्नल सुटला, अक्षर लुकलुकले आणि गाडी उभीच. मागच्या टेम्पोवाल्याने कन्नडमध्ये काय म्हटले ते इथे छापण्यासारखे नाही. यजमानांचे कान लाल झाले होते. वहिनी शब्द दिल्याप्रमाणे काही बोलल्या नाहीत.

घराजवळ मत्तीकेरेच्या बाजूला एक म्हातारे मेस्त्री आहेत. यजमान तशीच तापलेली गाडी त्यांच्याकडे घेऊन गेले. मेस्त्रींनी पहिली गोष्ट ही सांगितली की मी नटबोल्टला हात लावणार नाही, तुमची वॉरंटी जाईल. मग पोते टाकून ते गाडीखाली शिरले आणि बॅटरीचा झोत टाकून म्हणाले, “इल्लि नोडि अम्मा.” इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या तळाशी तेलाचा काळपट ओघळ होता. मेस्त्रींनी बोटाने पुसून वास घेतला. इंजिन ऑइल! इंजिनाच्या मागच्या टोकाला, फिरत्या दांड्याभोवती, तेल बाहेर येऊ नये म्हणून एक सील असते. ते नीट बसले नसले की गरम झालेले पातळ तेल झिरपते आणि पलीकडे असलेल्या क्लचवर शिंपडते. तेलकट प्लेट कधी घसरते, कधी झटकन पकडते, म्हणून थरथर. आणि पकड रोज बदलू लागली की तो संगणकी पायही गोंधळतो.

थंड गाडीत हे का दिसत नव्हते, ते आता यजमानांनाही समजले. त्यांनी सगळी उमर यंत्रांत घालवलेली. त्यांना हे आधी सुचले नाही, कारण आधी त्यांनी गाडीकडे पाहिलेच नव्हते, फक्त पायाकडे पाहिले होते.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती एएमटी वापरणाऱ्या सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. गिअर बदलताना या गाडीची मान किंचित पुढे-मागे होते, तो दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर मात्र क्लच तापून जळतो आणि तो दोष चालवणाऱ्याचा. लांब सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा हे बरे. पण सपाट रस्त्यावर निघताना थरथरणे, गिअर न पडणे आणि मग उडी घेणे, हे कुठल्याच गाडीच्या स्वभावात नसते.

पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर हे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी तिने ऑस्ट्रेलियातली हकिकत शोधून सांगितली. तिथे फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांच्या ‘पॉवरशिफ्ट’ नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल शेकडो तक्रारी होत्या. गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्यामुळे, असे कित्येक ग्राहकांना सांगितले गेले. कंपनीला मात्र दोष आधीपासून ठाऊक होता. एप्रिल 2018 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेला 1 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. “आई, तुझ्यासारख्या पायाच्या बायका तिकडेही आहेत,” मुलगी म्हणाली. वहिनी किती दिवसांनी मोकळ्या हसल्या.

आता पुढचे पाऊल. यजमानांना नवी गाडीच बदलून हवी होती. मुलीच्या ओळखीतल्या वकीलबाईंनी त्यांना जमिनीवर आणले. 2006 साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात, तोही क्लचच्याच तक्रारीचा, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर ग्राहकाला तेवढेच मागता येते. अख्खी गाडी नव्हे. पण भाग मागण्याचा हक्क पक्का. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि नऊ लाखांच्या गाडीसाठी फी फक्त 200 रुपये. मात्र दोष मुळातलाच आहे हे दाखवायला जाणकाराचा अहवाल लागतो. नुसते ‘त्रास होतो’ म्हणून भागत नाही. आणि सर्वांत आधी, तोंडी बोलणे बंद करून लेखी द्यायचे.

पत्र वहिनींनी लिहिले. दीड पान. तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, वहीतल्या सतरा नोंदी, तेलाच्या ओघळाचे फोटो. मागणी एकच: तुमच्या माणसाने संध्याकाळी सहाच्या गर्दीत माझ्या शेजारी बसावे. एक प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला गेली, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी सर्व्हिस मॅनेजर स्वतः आले. गाडी वहिनींनी चालवली. पहिली थरथर नेहमीच्या जागी, पीण्यापाशीच झाली. मॅनेजर गप्प राहिले, मग म्हणाले, “मॅडम, गाडी आमच्याकडे सोडा.”

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा यजमान तिथे उभे होते. क्लच तेलाने माखलेला होता. सील, क्लचचा पूर्ण संच आणि क्लच चालवणारे यंत्र बदलले. बिल शून्य. ‘सदिच्छा म्हणून’ असे कागदावर लिहिले होते. वहिनींना तो शब्द खटकला. त्यांनी तो खोडून ‘वॉरंटीत’ असे लिहून मागितले आणि तसे लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. पहिल्या सल्लागाराने त्यांना ओळख दिली नाही, किंवा दिली असेल तर नजर चुकवली. वहिनींनीही काही म्हटले नाही. पोरगा मुलीच्या वयाचा होता.

2024 च्या गणपतीला घर कोल्हापूरला निघाले. पहाटे निघायचे ठरले होते, पण सासूबाईंचे आवरेपर्यंत साडेआठ झाले आणि गोरगुंटेपाळ्याला ऐन गर्दी गाठली. गाडी वहिनी चालवत होत्या, यजमान शेजारी, मागे सासूबाई आणि मोदकांचा डबा. सिग्नल हिरवा झाला. यजमानांचा उजवा पाय नकळत खालच्या पायपुसणीवर दाबला गेला.

“अरे, तू कशाला पाय हलवतोयस?” मागून सासूबाई म्हणाल्या. “गाडी ती चालवतेय ना?”