हातातून सुटलेली तलवार

‘घोस्ट ऑफ योतेई’ २ ऑक्टोबर २०२५ ला आला आणि लगेच एका जुन्या मित्राचा फोन आला. “काही नवीन नाही रे. तेच आहे, फक्त बर्फ टाकलाय.” त्याचं मत उडवून लावणं मला शक्य नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आम्ही दोघांनी आपापल्या घरी, पण जवळजवळ बरोबरीनं खेळला होता. रात्री उशिरा मेसेज चालायचे: तू कुठल्या गावात पोचलास, तो पुलावरचा सरदार कसा पाडलास. त्या गेमवर त्याचं माझ्याइतकंच प्रेम. पण न खेळता मान डोलावणंही जमेना.

ज्यांनी हे खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला गेम १२७४ सालचा. मंगोल आरमार जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरतं, कोमोदाच्या किनाऱ्यावर सामुराई कापले जातात, आणि वाचलेला जिन साकाई एकट्यानं लढा उभारतो. दुसरा तीनशेहून अधिक वर्षांनंतरचा, १६०३ चा. जागा एझो, म्हणजे आजचं होक्काइदो. नायिका आत्सू. लहानपणी सहा जणांच्या टोळीनं तिचं घर जाळलं, आईवडिलांना मारलं, तिलाही पेटत्या गिंको झाडाला तलवारीनं खिळवून टाकलं. ती वाचली. आता कमरेच्या पट्ट्यावर त्या सहांची नावं लिहून ती परत आली आहे. एका गेमचं दुसऱ्याशी कथेचं नातं नाही. नातं आहे ते खेळण्याच्या पद्धतीचं.

आणि तिथे मित्राचं म्हणणं पहिल्या काही तासांत पटतच गेलं. वाट दाखवायला बाण नाही, वारा. टचपॅडवर बोट वर सरकवलं की गवत एका दिशेला झुकतं, तिकडे घोडा हाकायचा. सोनेरी पक्षी पुढे उडतोय. गरम पाण्याचं कुंड दिसलं की अंघोळ करून ताकद वाढवायची, बांबू दिसले की ठराविक बटणं दाबून ते छाटायचे. २०२० मध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीनं मला थांबवलं होतं. आता बांबू दिसले की मी हजेरी लावल्यासारखा जायचो, छाटायचो, निघायचो. कृष्णधवल कुरोसावा मोड होताच. त्यात आता मिइके आणि वातानाबे या दिग्दर्शकांच्या नावाचे मोड आले आहेत. वातानाबे मोडमधलं संथ संगीत मला मनापासून आवडलं. पण त्यानं खेळ बदलत नाही, खेळाचा पोशाख बदलतो.

सिक्वेल ताजा आहे की नाही हे ओळखायची माझी एक कसोटी आहे आणि ती मला ‘असॅसिन्स क्रीड’नं दिली. त्या मालिकेचा दरवर्षी एक भाग यायचा. २०१४ ला क्रांतीकाळातलं पॅरिस, २०१५ ला व्हिक्टोरियन लंडन. शहरं एकाहून एक देखणी, पण माझी बोटं तेच करत होती. मग एक वर्ष मध्ये गेलं आणि २०१७ ला ‘ऑरिजिन्स’ आला, टॉलेमींच्या इजिप्तमधला. पहिल्याच मारामारीत जुन्या सवयीनं वार अडवायची वाट पाहत उभा राहिलो आणि आडवा झालो. ढाल उचलायला, अंतर मोजायला नव्यानं शिकावं लागलं. तेव्हापासून मी नकाशा केवढा आणि शस्त्रं किती हे मोजत नाही. माझ्या बोटांचं जुनं शहाणपण कुठे अपुरं पडतं, एवढंच बघतो.

‘योतेई’त ते अपुरं पडलं एका साध्याशा तळावर. शत्रूच्या शस्त्रावर चमक उठते, तिच्या रंगावरून वार ओळखायचा, हे ‘त्सुशिमा’नं हाडात मुरवलं होतं. निळी चमक असेल तर नेमक्या क्षणी अडवता येतो, लाल असेल तर अडवायचं नाही, बाजूला व्हायचं. इथे एकाच्या पात्यावर पिवळी चमक उठली. मी सवयीनं अडवायला गेलो आणि आत्सूच्या हातातली तलवार उडाली. दूर बर्फात जाऊन पडली. समोर तीन जण, आणि हात रिकामा. ‘त्सुशिमा’त माझी तलवार माझ्या हातातून कधी सुटलीच नव्हती, त्यामुळे अशा वेळी काय करायचं याचं उत्तर बोटांकडे नव्हतं. बाजूला लोळण घेतली, एकाचा वार चुकवून पुढे सरकलो, बटण दाबून तलवार उचलली आणि मगच श्वास घेतला. पुढे हेच शत्रूवरही करता येतं हे शिकलो. त्यांच्या हातातलं शस्त्र पाडायचं, जमिनीवरचं उचलून तिसऱ्यावर फेकायचं. ते जमायला लागलं तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्यानं ओरडलो होतो.

शस्त्रांचंही तसंच. जिनकडे एकच तलवार आणि उभं राहण्याचे चार पवित्रे. समोरचा बघून पवित्रा बदलायचा. आत्सूकडे दोन तलवारींची जोडी आहे, भाला आहे, अवजड लांब तलवार, म्हणजे ओदाची आहे, साखळीला बांधलेला विळा, म्हणजे कुसारिगामा आहे. ढाल घेतलेला आला की विळा, धिप्पाड आला की ओदाची. कागदावर हे पवित्र्यांसारखंच वाटेल. पण पवित्रा बदलताना शरीराचा डौल बदलायचा. इथे वजन, पल्ला, वाराचा वेग सगळंच बदलतं. ओदाची फिरवायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा येऊन घाव घालतो. मित्रानं यातलं बरंचसं वापरलंच नव्हतं. तो साध्या तलवारीवरच निभावून नेत होता, हे त्यानं नंतर बोलता बोलता सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. आत्सू आपल्या जळक्या घरी येते. एका बटणावर तेच अंगण भूतकाळात जातं: छप्पर जागेवर, बाप लोहारकामात, आई शामिसेन हे तंतुवाद्य शिकवतेय. पुन्हा दाबलं की राख. मी त्या अंगणात कितीतरी वेळ मागेपुढे करत राहिलो. प्रसंग कापून दाखवला असता तर मी फक्त बघितला असता. इथे राखेकडे परत जायचा क्षण मलाच ठरवायचा होता.

मग मित्र पूर्ण चुकला म्हणायचं का? नाही. एक गोष्ट त्याला जाणवली होती, फक्त तिला त्यानं चुकीचं नाव दिलं. गवतात लपणं, मागून येणं, न कळत गळा चिरणं दोन्ही गेममध्ये हुबेहूब सारखं आहे. पण ‘त्सुशिमा’त त्या प्रत्येक वेळी काहीतरी मोडत होतं. जिनला त्याच्या मामानं, शिमुरानं, समोरासमोर लढायला शिकवलेलं. गवतात शिरणं म्हणजे त्या शिकवणीकडे पाठ फिरवणं. आत्सू भाडोत्री तलवारबाज आहे, दक्षिणेतल्या लढाया लढून आलेली. तिला कुठलाच नियम मोडायचा नाही. लोक तिला सूडासाठी परतलेलं भूत समजून घाबरतात हे छान आहे, पण ती भीती शत्रूच्या मनात असते, माझ्या नाही. तेच गवत, तोच सुरा, आणि वजन गेलेलं. शिळेपणा मला इथे वाटला, बर्फात नाही.

ते वजन भरून काढायला इतिहास हाताशी होता. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर धनी गमावलेले असंख्य सामुराई मोकाट झाले होते. गेमच्या वाटावाटांवर ते भेटतात. १६०३ ला तोकुगावा इएयासू शोगुन झाला. एझोत मात्र बहुतेक मुलूख तिथल्या मूळ रहिवासी ऐनू लोकांचा, आणि दक्षिण टोकाला मात्सुमाए घराणं. पुढच्याच वर्षी इएयासूनं ऐनूंशी व्यापाराची मक्तेदारी त्या घराण्याला लिहून दिली, आणि तिथून ऐनूंची अवस्था शतकानुशतकं बिघडत गेली. आत्सू फिरते ती त्या कागदाच्या आदल्या वर्षी. गेम बनवणाऱ्या सकर पंचनं ऐनू सल्लागारांची मदत घेतली, आणि ऐनू वस्तीत गेलं की कपड्यांवरच्या नक्षीपासून ती काळजी दिसते. पण मी तिथे पाहुणा म्हणून गेलो आणि पाहुणा म्हणूनच बाहेर पडलो. मुख्य कथा त्यांच्या अंगणातून वळसा घालून निघून जाते. या मालिकेतली सगळ्यात नवी गोष्ट तिथेच होती, आणि तिला कडेला बसवलं याचं मला अजून वाईट वाटतं.

‘योतेई’ संपल्यावर मी ‘त्सुशिमा’ पुन्हा लावला आणि कंट्रोलर भाचीकडे दिला. तिनं दुसराच भाग आधी खेळला होता. सुरुवातीला ती वैतागली. “मामा, भाला कुठाय? एकच तलवार?” मग पहिल्यांदा मागून जाऊन एकाला मारायची वेळ आली. ‘योतेई’त तिनं हे डोळे झाकून केलं असतं. इथे वार करताना कथा थांबली, छोटा जिन आणि शिमुरा दिसले, आणि मारताना शत्रूच्या डोळ्यांत बघावं हे शिमुराचं सांगणं ऐकू आलं. तिनं विचारलं, “आता मागून मारलं तर तो रागावणार का?” मी म्हटलं, खेळून बघ. पुढच्या छावणीवर ती गवतात शिरलीच नाही. दरवाज्यातून सरळ आत गेली, मेली, आणि पुन्हा दरवाज्यातूनच गेली.