एका वेळी एका जागी

डीटीपीवाल्या काकांच्या दुकानात कॉम्प्युटर दोन होते आणि लॉक एक. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जिन्याखालची ती खोली. मराठी लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, श्राद्धाची निमंत्रणं असलं काम तिथे चाले. मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा काडेपेटीएवढा एक ठोकळा मिळायचा. प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे तो बसवायचा आणि वायर त्याच्या पाठीत खुपसायची. ठोकळा नसला की सॉफ्टवेअर सुरू होत नसे. त्याला डोंगल म्हणतात, पण काकांच्या तोंडी लॉकच. मराठीचं काम भाच्याच्या मशीनवर करायचं असलं की काका आपलं मशीन बंद करत, टेबलाखाली वाकून लॉक काढून त्याच्या हातात देत आणि स्वतः चहाला जात.

ही 2004 सालची गोष्ट. तौलनिक साहित्यात एम.ए. होऊन मी एका गुजराती कादंबरीचा मराठी अनुवाद करत होते. मी हाताने लिहायचे, काका पानाच्या दराने टाइप करायचे. मग मी मुद्रितं तपासायचे आणि पुन्हा तपासायचे, कारण छापलेलं पाहिल्याशिवाय मला स्वतःचं वाक्य वाईट आहे हे कळतच नाही. घरी कॉम्प्युटर आला तेव्हा वाटलं, हे फेरे वाचतील. काकांकडून फाइल आणली, फॉन्टही आणला. अक्षरं दिसली, पण एक काना बदलायचा तर लॉक हवं. नव्या प्रतीची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या शिकवण्यांएवढी होती. ओळखीच्या एका मुलाने सीडी आणून दिली. तिच्यातल्या एका छोट्या प्रोग्रॅममुळे कॉम्प्युटरला लॉक जोडलेलंच आहे असं वाटायचं. दहा मिनिटांचं काम.

उरलेली दीडशे पानं मी घरीच टाइप केली. शेवटच्या प्रिंटसाठी फाइल घेऊन दुकानात गेले. काकांनी ती उघडली, पानं खालपर्यंत सरकवली आणि विचारलं, ‘‘लॉक घेतलंस वाटतं?’’

मी म्हटलं, ‘‘हो, काका.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले आणि प्रिंटरमध्ये कागद भरू लागले.

पुढे गंमत अशी झाली की सॉफ्टवेअरचे करार मराठीत आणणं हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. कादंबऱ्यांवर घर चालत नाही. ‘सहमत आहे’ या बटणाच्या वरचा जो मजकूर कोणी वाचत नाही, तो मी शब्दाला इतके पैसे या दराने वाचते. त्यातलं सगळ्यांत अवघड क्रियापद मला ‘शकणे’ वाटतं. ‘तुम्ही एका संगणकावर एक प्रत इन्स्टॉल करू शकता’ असं लिहिलं तर मराठी वाचक म्हणेल, मी दहांवरही करू शकते की, सीडी माझ्या हातात आहे! इंग्रजीत परवानगीचं क्रियापद वेगळं आणि क्षमतेचं वेगळं. आपलं एकच ‘शकणे’ दोन्हीकडे राबतं. म्हणून मी ‘मुभा आहे’ लिहिते. तपासनीस ते खोडतात, मी पुन्हा लिहिते.

या करारांत एका प्रतीचे हिशेब नाना परींचे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या 2007च्या दुकानी प्रतीत एका मशीनबरोबर त्याच माणसाच्या लॅपटॉपवर आणखी एक प्रत टाकायची मुभा होती. घरगुती आवृत्ती तीन मशीनवर चाले, पण पैसे मिळवण्याच्या कामाला नाही. कॉम्प्युटरबरोबरच आलेली प्रत बहुधा त्या कॉम्प्युटरलाच बांधलेली. मशीन गेलं की तीही गेली. भारताचा 1957चा कॉपीराइट कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देतो. पण राखीव प्रत म्हणजे शेजारच्या मशीनवर रोज चालणारी दुसरी प्रत नव्हे. याच कायद्यात 1984च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅमला ‘साहित्यकृती’त बसवलं. म्हणजे मी अनुवाद करत होते ती कादंबरी आणि चोरून वापरत होते ते सॉफ्टवेअर, दोन्ही एकाच व्याख्येखाली. तौलनिक साहित्याच्या वर्गात हे कोणी शिकवलं नव्हतं.

मला सर्वांत आवडतो तो करार मात्र कामातून हाती आला नाही. माझा भाऊ कॉलेजात टर्बो पास्कल शिकला. बोर्लंड कंपनीने ते 1983मध्ये पन्नास डॉलरच्या आत विकायला काढलं, आणि पुढे पुस्तिकेत परवान्याचा एक साधा परिच्छेद छापला. आशय असा : हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कितीही माणसांनी वापरावं, या मशीनवरून त्या मशीनवर न्यावं. फक्त एका वेळी दोन ठिकाणी ते वापरात येण्याची शक्यता नसावी. एकच पुस्तक दोघांना दोन घरी एकाच वेळी वाचता येत नाही, तसं. भावाकडची ती पुस्तिका झेरॉक्स होती, हे सांगायलाच हवं.

तो परिच्छेद वाचला आणि टेबलाखाली वाकलेले काका डोळ्यांपुढे आले. ते तर नेमकं हेच करत होते. कंपनीने लॉक दिलं नसतं तर काकांनी दोन्ही मशीनवर मराठी चालवलं असतं का? कदाचित असतं. पण मी काय केलं त्याला हे उत्तर होत नाही. कंपनीचं माझ्यामुळे काही गेलं असं मला आजही मनापासून वाटत नाही; एवढे पैसे माझ्याकडे नव्हतेच, मी ती प्रत घेणार नव्हते. गेलं ते काकांचं. दीडशे पानांची टाइपिंग. आणि सीडी काही माझ्या एकटीच्याच घरी आली नव्हती. मंडळाचे चिटणीस, पत्रिका करणारे, सगळे हळूहळू घरीच टाइप करू लागले. ज्याने पैसे भरून लॉक घेतलं, त्याच्याच दुकानात गिऱ्हाईक उरलं नाही.

कादंबरी आली. दोन वर्षांनी एका महाविद्यालयात व्याख्यानाला गेले, तर समोरच्या बाकांवर तिच्या स्पायरल बांधलेल्या झेरॉक्स प्रती. मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे लेखकाचंही नाव नाही आणि माझंही नाही. मी तासाभराच्या व्याख्यानातली वीस मिनिटं अनुवादकाच्या हक्कांवर तावातावाने बोलले. एका मुलीने शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, मूळ प्रत मिळतच नाही. मग आम्ही काय करायचं?’’ मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर मला नीट आठवत नाही. सीडी मात्र लख्ख आठवत होती.

काकांनी दुकान बंद केलं तेव्हा सामान आवरायला मी गेले होते. तोपर्यंत युनिकोड आलं होतं आणि मराठी टाइप करायला कुलूप लागेनासं झालं होतं. काकांनी खणातून तो ठोकळा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

‘‘हे ठेव तुझ्याकडे. तुझं हरवलं असेल एव्हाना.’’

लॉक दुसऱ्याला द्यायची मुभा करारात होती की नाही, हे मी विचारलं नाही. तो ठोकळा माझ्या टेबलावर आहे. त्याला पंचवीस पिना आहेत, आणि तो बसेल अशी जागा माझ्या घरातल्या एकाही कॉम्प्युटरला नाही.