आजीच्या पेटीतले दादासाहेब

आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत तीन वस्तू असत. बाबासाहेबांचा फोटो, वर्तमानपत्रातून कापून ठेवलेला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा फोटो आणि सुतळीने बांधलेल्या दंडाच्या पावत्या. लहानपणी मला हसू यायचे. दंडाच्या पावत्या कोणी जपून ठेवते का? आजी म्हणायची, "ठिवाव्या लागत्यात बाळा. दंड भरला म्हंजी जमीन कसली. ह्योच आपला सातबारा."

आजी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली शेतमजूर. भूमिहीनांच्या सत्याग्रहात ती १९६४ च्या डिसेंबरात तुरुंगात गेली, तेव्हा माझे वडील सहा महिन्यांचे होते. त्यांना कडेवर घेऊनच ती आत गेली. तुरुंगाविषयी ती फार बोलत नसे. एवढेच सांगे, "तिथं दोन टायमाला भाकर व्हती, आन् समद्या आपल्याच बाया व्हत्या."

ज्या माणसाच्या शब्दाखातर एक निरक्षर बाई तान्हे लेकरू घेऊन तुरुंगात जाते, तो माणूस कसा असेल, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेत असताना हा लढा जागेवर राहून चालवला तो दादासाहेबांनी. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. एवढी पदे मिळाली तरी अंगावर धोतर आणि तोंडी खेड्यातली भाषा तशीच राहिली.

तेच काहींना खुपले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. शिकलेल्या मंडळींपैकी काहींना दादासाहेबांचे जमिनीचे राजकारण कम्युनिस्टांच्या वळणाचे वाटले. पुढे त्यांनी काँग्रेसशी युती केली, त्यावरही टीका झाली. ती टीका सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्या युतीपासून आपल्या चळवळीचे पुष्कळ नुकसान झाले. पण दादासाहेबांना एक गोष्ट नेमकी कळली होती. खेड्यातला आपला माणूस ज्याच्या शेतावर राबतो, त्याच्याच विरुद्ध बोलू शकत नाही. बोलला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. म्हणून १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह उभे केले. दुसऱ्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. दादासाहेबांच्या पत्नी सीताबाईही स्त्रियांना घेऊन त्यात उतरल्या.

त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लावावे ही मागणी होती. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, हीही होती. या दोन्ही मागण्या केंद्राकडून पुऱ्या व्हायला १९९० साल उजाडावे लागले. दादासाहेब तर २९ डिसेंबर १९७१ रोजीच गेले होते. जमिनीची मागणी मात्र अजून दारात उभी आहे.

१९८० च्या सुमारास आजीने आणि वस्तीतल्या चार घरांनी गावच्या गायरानातली खडकाळ जमीन फोडली. दगड वेचून बांध घातले. आमच्या वाट्याला दोन एकर आली. दरवर्षी तलाठी दंड करी, आजी तो मजुरीतून भरी आणि पावती पेटीत ठेवी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे भूमिहीनांच्या नावे करायचे ठरले. आजीने अर्ज दिला. कचेरीत कधी साहेब नसत, कधी कागद सापडत नसे. २००९ साली आजी गेली तेव्हाही सातबारावर सरकारचेच नाव होते.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. शिकून गाव सोडले, याचा त्यांना अभिमान. गावच्या जमिनीचा विषय निघाला की म्हणत, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. दगडात काय ठेवलंय?" आजीचे त्यावर एकच उत्तर असे, "तुला नोकरी लागली, तुझं घर बसलं. बाकीच्या वस्तीनं कुठं जावं?" हे दोघांचे भांडण मी जन्मभर ऐकले.

२०२२ साली वडील निवृत्त झाले. त्याच वर्षअखेरीस हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या. आमच्या वस्तीवरही एक आली. चुलत्याचा फोन आला, तेव्हा वडील बराच वेळ गप्प बसले. मग माळ्यावर चढले आणि आजीची पेटी खाली काढली. वर्षावार पावत्या लावताना त्यांचे हात थरथरत होते. एका पावतीवर आजीचा निळा अंगठा होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हिच्या कडेवर बसून मी जेलात गेलो, आणि हिलाच सांगत होतो की दगडात काय ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. पाचही घरांचे कागद त्यांनीच तयार केले. तहसीलच्या पायऱ्या ते अजून चढत आहेत. निकाल काय लागेल ठाऊक नाही.

२००४ पासून दादासाहेबांच्या नावाने सरकारची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ती योजना. पण ती जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची असते, आणि सरकारच्या भावात आपल्या माणसासाठी जमीन विकायला सहसा कोणी पुढे येत नाही. नाव दादासाहेबांचे, हेलपाटे मात्र आपले.

तरीही वाचकहो, एक सांगावेसे वाटते. आपल्या घरात कोणाच्या तरी पेटीत असे कागद असतील. पावती असेल, अर्जाची पोच असेल. रद्दीत घालू नका. शिकलेल्या मुलामुलींनी ते एकदा उघडून वाचावेत. आमच्या आजीला ते वाचता येत नव्हते. तिने ते फक्त जपले.